नूप्रूच्या आईचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि माझ्या हातून एका बाईच्या आईचा आवाज पुसला गेला. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आमच्यासारख्यांना दुसऱ्याचं बोलणं सांभाळता येतं, स्वतःचं काही सांगता येत नाही. आज मात्र सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या मुलींनी मला जोडलं. एकीने मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा, तिसरीने बटणं. पुढे कलकत्त्याच्या एका दुकानात मी वर्षभर काचेमागे बसून होतो. तिथून १९७२ साली सटवाजी गजभारे नावाच्या जवानाने मला विकत घेतलं. सटवाजी नांदेड जिल्ह्यातला, कंधारपासून दोन कोसांवरच्या खेड्यातला. त्याच्या शेजारी एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची मुलगी उभी होती. ती त्याची नवी नवरी. तिचं नाव नूप्रू.

नूप्रू त्रिपुरातल्या मोग लोकांची. मोग हे पिढ्यान् पिढ्यांचे बौद्ध. सटवाजीच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. लढाईच्या दिवसांत सटवाजीची पलटण तिकडे होती. सुट्टीच्या दिवशी तो टेकडीवरच्या विहारात जायचा. तिथे वंदना म्हणताना शब्द तेच, पण उच्चार निराळे, याची त्याला मोठी गंमत वाटायची. त्याच विहारात त्याने नूप्रूला पाहिलं, आणि सहा महिन्यांनी तिथेच त्यांचं लग्न लागलं. दोघं एकमेकांशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायची.

मला घेण्याचं कारण साधं होतं. सटवाजीला पलटणीत परत जायचं होतं. नूप्रूला मराठी वाचता येत नव्हतं, आणि तिची गोल गोल अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. "चिठ्ठ्या लिहिण्यापरीस आपण कॅसेट धाडू," तो म्हणाला. तिने माझ्या झाकणावर बोट फिरवलं आणि हसली.

आम्ही गावी पोचलो तेव्हा दुष्काळ पडलेला होता. नूप्रूचं माहेर नदीकाठचं. तिने अंगणातून पाणी वाहताना पाहिलेलं होतं, आटलेली विहीर कधी पाहिली नव्हती. सटवाजी आठ दिवसांत कामावर गेला, आणि ती सासूबरोबर, सरजाबाईबरोबर, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दुपारी सुकडी, म्हणजे कोरडं सरकारी खाणं, मिळायची, ती पदरात बांधून आणायची. पहाटे विहिरीवर रांग लागे. तिथे तिला मराठी शब्द आठवेना, म्हणून ती घागर दाखवून नुसतं "री, री" म्हणाली. तिच्या भाषेत री म्हणजे पाणी. बायका हसल्या. त्या दिवसापासून गावात तिचं नाव रीबाई पडलं.

मराठी शिकताना तिची फार ओढाताण झाली. तिच्या भाषेत 'मी' म्हणजे आग. सरजाबाई म्हणायची, "मी पाणी आणून राहिले," आणि नूप्रूला ऐकू यायचं की आग पाणी आणते आहे. ती दचकून चुलीकडे पाही. त्याची गंमत सांगावी असं तिथे कुणी नव्हतं. मग ती मला कोपऱ्यात घेऊन बसायची, रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं दाबायची आणि सटवाजीसाठी हिंदीत दोन वाक्यं बोलून पुढे आपल्याच भाषेत बोलत राहायची. माझे सेल संपत आले की ती ते उन्हात ठेवायची. उन्हाची मात्र त्या वर्षी कमतरता नव्हती.

गावच्या शाळेवर वीरण्णा गुरुजी होते. मूळचे देगलूरकडचे. घरी कन्नड, बाजारात तेलुगू, शाळेत मराठी आणि लहानपणी निजामाच्या शाळेत उर्दू, अशा चार भाषा त्यांच्या जिभेवर होत्या. शब्द जुळवून बघायचा त्यांना नाद होता. ते एकदा सरजाबाईच्या अंगणात आले, तेव्हा मी बोलत होतो, म्हणजे माझ्यातून नूप्रू बोलत होती. गुरुजी दारातच थबकले.

"ही कोणत्या भाषेत बोलतीय तुमची सून?"

"काय की बाई," सरजाबाई म्हणाली. "चिमण्यावानी चिवचिव करती. लेकरू झाल्यावर त्याला बी तेच शिकवल का काय, ह्याची धास्ती हाय मला."

गुरुजींनी नूप्रूला समोर बसवलं आणि हिंदीत विचारलं, स्वतःला काय म्हणता? ती म्हणाली, "ङा." गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावलं. मग मांडीवर हात आपटून म्हणाले, "तेवीस वर्षं झाली मी पोरांना क, ख, ग, घ, ङ शिकवतोय. पोरं विचारतात, गुरुजी, ङ चा शब्द कोणता? मी म्हणतो, नसतो रे बाबा. आणि ह्या बाईच्या भाषेत माणूस स्वतःला हाक मारतो तीच ङ नं."

त्या दिवसापासून ते दर रविवारी वही घेऊन येऊ लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते. गुरुजींनी जे शोधलं ते मी ऐकत होतो, म्हणून थोडं तुम्हालाही सांगतो. नूप्रूच्या भाषेत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं: मी, पाणी, पिते. पण मी पिते, तू पितोस, तो पितो असे बदल त्यात नाहीत. बाई असो की पुरुष, क्रियापद तेच. नाही म्हणायचं तर क्रियापदाच्या आधी एक छोटासा 'म' लावायचा. माणसं मोजायला एक शब्द, जनावरं मोजायला दुसरा. आपण 'तीन जण' म्हणतो ना, तसा प्रत्येकाला आपला 'जण'.

आणि सगळ्यांत अवघड म्हणजे सूर. 'ङा' खालच्या सुरात म्हटलं तर मी. तेच वर चढवून, थोडं लांबवून म्हटलं तर मासा. पाच या आकड्यालाही तोच चढा 'ङा'. गुरुजींनी वहीत ङा, ङा, ङा असं तीनदा लिहिलं आणि पेन ठेवून दिलं.

"आपल्या अक्षरात हे बसत नाही," ते म्हणाले. "वहीत फक्त सांगाडा राहतोय. जीव ह्या यंत्रातच राहणार."

मी त्यांचं ते वाक्य फार अभिमानाने ऐकलं. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

गुरुजी नूप्रूला समजावून सांगत. कन्नडात पाण्याला नीरु म्हणतात, तेलुगूत नीळ्ळु. डोळ्याला एकीत कण्णु, दुसरीत कन्नु. म्हणजे त्या दोघी बहिणी. तशा तुझ्या भाषेच्याही बहिणी असणार. पुस्तकं मागवून त्यांनी शोधलं, तर ब्रह्मी भाषा तिची सख्खी निघाली. ब्रह्मदेशात पाण्याला 'ये' म्हणतात, पण लिहिताना अजून 'र' च लिहितात. तिकडच्या तोंडातला र गेला, तो नूप्रूच्या तोंडात शिल्लक होता. "म्हणजे तुझ्या बोलण्यात जुनं धन आहे," गुरुजी म्हणाले. तिला रीबाई म्हणणाऱ्या गावात हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. ती खाली मान घालून बसली.

पंचाहत्तरच्या थंडीत गुरुजी तिला, सरजाबाईला आणि मला घेऊन नांदेडला गेले. दर थंडीत तिथे तिबेटी लोक स्वेटर विकायला येत. एका दुकानाशी एक वयस्क तिबेटी बाई विणत बसली होती. गुरुजींनी हिंदीत तिला एक ते दहा आकडे विचारले. ती सुया न थांबवता सांगू लागली. पाचला ती म्हणाली, "ङा." नूप्रूने मान वर केली. नऊला ती म्हणाली, "गु." नूप्रू पुटपुटली, "को." मग नूप्रूने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हटलं, "ङा?" त्या बाईच्या सुया थांबल्या. तिनेही आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "ङा." आगीला एक म्हणाली मी, दुसरी म्हणाली मे. पाण्याला मात्र तिबेटी बाई छू म्हणाली आणि ते काही जुळलं नाही. तेव्हा दोघी हसल्या.

एकमेकींचं एक वाक्य त्यांना कळत नव्हतं. पण कधीतरी, हजारो वर्षांपूर्वी, उत्तरेच्या डोंगरांत कुणी एक लोक राहत होते, त्यांची मुलं नद्यांच्या काठाने वेगवेगळ्या दिशांना गेली, आणि जाताना हे चार शब्द बरोबर घेऊन गेली, असं जाणकार सांगतात. त्या वाटांची दोन टोकं नांदेडच्या रस्त्यावर समोरासमोर आली होती. निघताना तिबेटी बाईने नूप्रूच्या गळ्यात एक लाल मफलर घातला. सरजाबाई बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "म्हंजी तुझं बोलणं लई लांबपर्यंत हाय तर."

पुढच्या वर्षी सटवाजीला मोठी सुट्टी मिळाली आणि तो नूप्रूला माहेरी घेऊन निघाला. दोन वर्षांची चांगुणा, त्यांची मुलगी, कडेवर होती. गुरुजींनी शब्दांची यादी दिली आणि साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट दिली. "तुझ्या आईला बोलायला लाव," त्यांनी बजावलं. "तू आता मराठीत राहतेस. तिचा सूर अस्सल."

सहा दिवसांच्या प्रवासानंतर मी बांबूच्या घरात, नूप्रूच्या आईसमोर ठेवला गेलो. म्हातारी आधी घाबरली. मग लेकीने यादीतला एकेक शब्द विचारला आणि ती सांगत गेली. मी, मासा, पाच. आग, पाणी, चंद्र. मधेच तिला एक गोष्ट आठवली, ती तिने सांगितली. मधेच तिने चांगुणाला काहीतरी विचारलं आणि सगळे हसले. कॅसेटची एक बाजू पूर्ण भरली, अर्धा तास. दुसरी बाजू गाण्यांसाठी ठेवली, पण त्या रात्री म्हातारीला ताप आला आणि गाणी राहून गेली. नूप्रूने दोन्ही बाजूंवर कागद चिकटवून आपल्या अक्षरांत लिहिलं. एकीवर 'आई'. दुसरीवर 'रिकामी'.

गुरुजींनी ती कॅसेट एकापाठोपाठ दोनदा ऐकली. नांदेडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक खास गावी येऊन ऐकून गेले. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "सांभाळा ह्याला." चार लोकांत कौतुक झालं आणि मला वाटलं, आता आपल्याला काही होत नाही.

पण घरात काय चाललं होतं ते मी बघत होतो. चांगुणा आजीच्या मराठीत वाढत होती. नूप्रू तिला न्हाऊ घालताना आपल्या भाषेत बोलायची. शाळेत जाऊ लागल्यावर एक दिवस चांगुणा रडत आली आणि म्हणाली, "माय, तू तसं बोलू नको. पोरी मला चिनी म्हणतेत." नूप्रूने तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं, न्हाई बोलत." ती शब्दाची पक्की. त्यानंतर तिने लेकीशी फक्त मराठीत बोलायचं ठरवलं. ऐंशी साली माहेरहून पत्र आलं की आई गेली. त्या दिवशी तिने ती कॅसेट ऐकली आणि रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली.

सटवाजी फौजेतून निवृत्त झाला. ब्याऐंशी साली लातूर हा नवा जिल्हा झाला आणि तिथल्या एका कार्यालयात त्याला शिपायाची नोकरी लागली. सगळे लातूरला आले. नव्या जिल्ह्याचा उत्साह काय वर्णावा. कमानी उभ्या राहिल्या, नव्या पाट्या लागल्या. कार्यालयाच्या अंगणात कार्यक्रम ठरला. सटवाजी साहेबांना म्हणाला, "माझ्याकडे टेप हाय साहेब. भाषणं उतरवून ठेवू." साहेबांनी पाठ थोपटली.

नवी कॅसेट विकत आणायला वेळ नव्हता. नूप्रू पाणी भरायला गेली होती. सटवाजीला एवढं ठाऊक होतं की पेटीतल्या कॅसेटची एक बाजू कोरी आहे. त्याने ती काढली. दोन कागद, दोन्हींवर गोल अक्षरं. दहा वर्षांच्या संसारात त्याने ती अक्षरं शिकायची म्हटली होती, पण राहून गेलं होतं. त्याने एक बाजू वर धरून मला लावली.

मित्रांनो, आमच्या पोटात दोन डोकी असतात. एक आवाज उमटवतं. त्याच्या आधी दुसरं असतं, ते जुनं पुसत जातं. दोन्ही बटणं एकदम दाबली की दोन्ही डोकी कामाला लागतात, आणि समोर कोणती बाजू आहे हे आम्ही विचारू शकत नाही. अंगणात टाळ्या पडत होत्या. मान्यवरांची नावं घेतली जात होती. आणि माझ्या आत म्हातारीचा एकेक शब्द जात होता. आग गेली, पाणी गेलं, चंद्र गेला. सव्वीस मिनिटं मी ते केलं.

संध्याकाळी सटवाजीने सगळ्यांना बोलावलं. नूप्रू पीठ मळता मळता येऊन बसली. भाषण सुरू झालं. तिने कॅसेटकडे पाहिलं, हात पुसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. सव्वीस मिनिटांनी आभार संपले, खटका वाजला, आणि एका शब्दाच्या मधूनच तिची आई बोलू लागली.

नूप्रूने उठून मला बंद केलं.

सटवाजीचा चेहरा उतरला. "मला वाटलं हीच रिकामी हाय."

"लिवलं होतं," ती म्हणाली.

"मला वाचाया येत न्हाई ना तुझं."

"हाव," ती म्हणाली. "दहा वर्सं झाली."

ती पुन्हा पीठ मळायला गेली. पुढे आयुष्यभर सटवाजीने ती गोष्ट कधी काढली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने वहीत ती अक्षरं गिरवायला घेतली. चार पानं भरली आणि ते थांबलं.

बातमी कळल्यावर वीरण्णा गुरुजी देगलूरहून एस.टी.ने आले. थकले होते, काठी आली होती. ते रागावले नाहीत. नवी कॅसेट पुढे ठेवून म्हणाले, "आई गेली, पण तू आहेस ना बाई. तू सांग."

नूप्रू माझ्यासमोर बसली. तिने आपल्या भाषेतलं 'मी' म्हटलं. मग 'मासा' म्हटलं. गुरुजींनी ते दोनदा ऐकवलं. दोन्ही शब्द एकसारखे उमटले होते, सपाट. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच झालं. कुणाशी बोलायला नसलेली भाषा तिच्या तोंडात मराठीच्या चालीवर आली होती.

"राहू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "ते आईचं होतं. माझं आता असंच झालंय."

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. जाताना ते मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे, "पट्टी मोडायची राहिली." कॅसेटच्या मागे एक छोटी पट्टी असते. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. दोन मिनिटांचं काम होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि रविवारी करू म्हणून सहा वर्षं राहिलं होतं. त्यांची वही पुढे प्राध्यापकांकडे गेली. तिथे ती आहे म्हणतात. तिच्यात शब्द आहेत, सूर नाहीत.

नंतर माझा पट्टा सैल झाला, नवे रेडिओ आले, आणि मी माळ्यावर गेलो. आधी सरजाबाई गेली, मग सटवाजी. मग एका उन्हाळ्यात नूप्रू गेली. शेवटच्या आजारात ती काहीतरी बोलायची आणि घरातल्या कुणाला ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, वातात बडबडते. ती वातात नव्हती. मी माळ्यावरून ऐकत होतो. ती पाणी मागत होती.

चांगुणा आता पन्नाशीची आहे, लातूरच्या एका शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने माळा साफ करायला काढला. मला पुसलं, पट्टा बदलून आणला, आणि रुमालातली कॅसेट लावली. सव्वीस मिनिटं ती टाळ्या आणि भाषणं ऐकत राहिली. मग ते चार मिनिटांचं उरलेलं शेपूट आलं. आजी गोष्ट सांगत होती. चांगुणाला एक शब्द कळत नव्हता. ती माझ्यावर वाकून, ओठ हलवत ऐकत होती. शेवटी आजी थांबली आणि चांगुणाच्या नावाने हाक मारून तिने काहीतरी विचारलं. मागे माणसं हसली.

चांगुणा ताठ झाली. ते वाक्य तिला येत होतं. ती शाळेतून आल्यावर माय रोज दारात तेच विचारायची. मराठीतच बोलायचं ठरवल्यावरही तेवढं एक वाक्य मायने सोडलं नव्हतं. 'भात खाल्लास का?' चांगुणाने कॅसेट मागे घेऊन पुन्हा ते ऐकलं, आणि पुन्हा. त्याचं उत्तर त्या भाषेत कसं देतात ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"हाव आजी," ती म्हणाली. "जेवले."

मग तिने कॅसेट काढली, मागची पट्टी नखाने मोडली आणि माझ्याजवळ रडत बसली.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरात, आळीत, शाळेत कुणी वेगळ्या बोलीत बोलत असेल, तर तिला हसू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, पाण्याला काय म्हणता? मग तो शब्द तिच्यासमोर म्हणून बघा. चुकलात तर ती दुरुस्त करील. ती आहे तोवरच करील.